नाशिक मध्य 2009 च्या आधी कुठे होता? आजोबांच्या चिठ्ठ्या आणि अडलेला तक्ता

डिंगरअळीचा_नातू

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे.

आमचं मूळ घर जुन्या नाशकात, डिंगरअळीत. आता आम्ही इंदिरानगरला राहतो. आजोबा मागच्या वर्षी गेले. दिवाळीआधी माळा आवरताना त्यांची पत्र्याची पेटी सापडली. तिच्यात रेशनकार्ड, गिरणीच्या पावत्या आणि रबर लावलेला मतदानाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पक्षाची पोरं घरोघर वाटायची त्या कागदी चिठ्ठ्या. काहींवर वरचा भाग फाडलेला आहे. मागच्या बाजूला आजोबांनी शिसपेन्सिलीने तारीख आणि एकच शब्द लिहिलाय: "केलं". कोणाला केलं ते कुठेच नाही. ते त्यांनी आजीलाही कधी सांगितलं नव्हतं.

मला या चिठ्ठ्या एका मोठ्या कागदावर लावून शेजारी त्या त्या वेळचा निकाल लिहायचा आहे. घरात फ्रेम करून लावणार. काम सोपं वाटलं होतं, पण लगेच अडलो.

पहिलं म्हणजे आमचा मतदारसंघ 'नाशिक मध्य'. त्याचे निकाल शोधले तर सगळं 2009 पासून सुरू होतं. आजोबांच्या जुन्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'नाशिक' लिहिलंय. हा तोच मतदारसंघ धरायचा का?

दुसरं, पंचवटीतली आत्या म्हणते आम्ही 'पूर्व'. पण घरपट्टीच्या कागदावर जुन्या नाशकाच्या आमच्या घराला 'पूर्व विभाग' लिहिलंय. मग पूर्व नक्की कुठे?

तिसरं, 2009 ला शहरात तिन्ही जागा मनसेच्या आणि 2014 ला एकही नाही, असं एकदम कसं झालं? मी तेव्हा शाळेत होतो. एवढंच आठवतं की घरी काका आणि बाबा महिनाभर धड बोलत नव्हते.

जाणकारांनी कृपया सांगावं.

निकालवही

तिन्ही जागांचे 2009 पासूनचे निकाल देतो, तक्त्याला उपयोगी पडतील.

नाशिक मध्य: 2009 ला वसंत गिते (मनसे). 2014, 2019 आणि 2024 ला सलग प्रा. देवयानी फरांदे (भाजप). 2019 ला दुसऱ्या क्रमांकावर काँग्रेसच्या हेमलता पाटील होत्या, फरक 28 हजारांच्या आसपास. 2024 ला समोर गिते, यावेळी उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडून, आणि फरक 18 हजारांच्या आत आला. म्हणून त्यांची मतं घटली असं मात्र लिहू नका. 2019 ला फरांदेंना 73 हजारांवर मतं होती, 2024 ला 1 लाख 5 हजारांच्या वर गेली. मतं दोन्हीकडे एकवटली म्हणून फरक कमी दिसतो.

नाशिक पूर्व: 2009 उत्तमराव ढिकले (मनसे), 2014 बाळासाहेब सानप (भाजप), 2019 आणि 2024 राहुल ढिकले (भाजप).

नाशिक पश्चिम: 2009 नितीन भोसले (मनसे), 2014 पासून तिन्ही वेळा सीमा हिरे (भाजप).

'नाशिक' आणि 'नाशिक मध्य' एक धरू नका. मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणाऱ्या पुनर्रचनेचा आदेश 2008 चा, त्यानुसार पहिली विधानसभा 2009 ची.

निवृत्त_बाई_टिळकवाडी

बाळा, तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि जवळजवळ प्रत्येक निवडणुकीला ड्युटी केली. आधी शाई लावणारी, मग मतदान अधिकारी, शेवटची काही वर्षं केंद्राध्यक्ष. तुझ्या आजोबांच्या चिठ्ठ्यांचं वाचून आज दुपारी झोप लागली नाही. त्या चिठ्ठ्या माझ्यासारखीच्याच हातात दिल्या गेल्या असतील.

चिठ्ठीचा वरचा भाग फाडलेला का, ते आधी सांगते. तिथे पक्षाचं चिन्ह छापलेलं असायचं. चिन्ह असलेला कागद केंद्रात चालत नाही. आम्ही दारातच सांगायचो, "आजोबा, वरचं फाडून या." तुझ्या आजोबांना ते माहीत असणार, घरूनच फाडून यायचे. ज्या चिठ्ठ्यांवर चिन्ह शाबूत असेल त्या त्यांनी वापरल्या नाहीत, दुसऱ्या पक्षाच्या पोराने दिलेली नेली, असं असू शकतं. एका घरी तीन-तीन पक्षांच्या चिठ्ठ्या यायच्या. त्यामुळे चिन्हावरून आजोबांचं मत ओळखायला जाऊ नकोस. त्यांनी ते मुद्दाम लिहिलेलं नाही. ते तसंच राहू दे.

आता नकाशाचं बघू. 2004 पर्यंतच्या विधानसभा ज्या सीमांवर झाल्या त्या 1971 च्या जनगणनेवर आखलेल्या होत्या. आठव बघू, 1971 ला आजचं नाशिक होतंच कुठे? महापालिकासुद्धा 1982 ची. सिडकोच्या स्कीमा, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडची वस्ती, सगळं नंतरचं. शहर फुगत गेलं आणि नकाशा जिथल्या तिथे. शहराचा मोठा भाग एकट्या 'नाशिक' मतदारसंघात. शेवटी शेवटी त्या याद्यांचे गठ्ठे असे जाड यायचे की साहित्य वाटपाच्या दिवशी आमची पिशवी एका हाताला झेपायची नाही.

त्या 'नाशिक'चं मी स्वतः पाहिलेलं सांगते. युतीच्या काळात इथून भाजपचे डॉ. दौलतराव आहेर. 1995 च्या सरकारात ते आरोग्यमंत्री होते. त्याआधी 1989 ला नाशिकचे खासदारही तेच. 2004 ला काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव निवडून आल्या, त्याही पुढे आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. गंमत म्हणून नाही, अभिमानाने सांगते, एकाच शहराने लागोपाठ दोन डॉक्टर दिले आणि दोघांकडे आरोग्य खातं आलं. 'नाशिक' नावाच्या त्या मतदारसंघाची ती शेवटची निवडणूक.

मग 2001 ची जनगणना धरून नवीन आखणी झाली. शहराची लोकसंख्या तेव्हा 10 लाख 77 हजार. म्हणून मध्य, पूर्व आणि पश्चिम असे तीन तुकडे पडले. 2011 ला तीच लोकसंख्या 14 लाख 86 हजार झाली, आणि सीमा अजून 2001 च्याच आहेत. वडाळा, इंदिरानगर, मुंबई नाक्याकडे नवीन इमारती बघ किती उभ्या राहिल्या. त्या सगळ्यांचं मत जुन्याच रेघांच्या आत मोजलं जातं.

पूर्व-पश्चिमचा घोळ तुझ्या एकट्याचा नाही. निम्म्या नाशिकचा आहे. महापालिकेचे सहा विभाग: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर, सिडको. विधानसभेची नावं मात्र वेगळ्या हिशोबाने दिली. महापालिकेचा 'पूर्व विभाग' म्हणजे जुनं नाशिक, द्वारका, इंदिरानगरकडचा भाग. 'पश्चिम विभाग' म्हणजे शरणपूर रोड, कॉलेज रोड, गंगापूर रोडकडचा. हे दोन्ही बहुतांशी विधानसभेच्या 'मध्य'मध्ये येतात. विधानसभेचं 'पूर्व' म्हणजे गंगेपलीकडची, म्हणजे गोदावरीपलीकडची पंचवटी, आडगाव, म्हसरूळ आणि नाशिकरोडचा काही भाग. विधानसभेचं 'पश्चिम' म्हणजे सातपूर, सिडको, अंबड. तुझी आत्या बरोबर आणि तुझी घरपट्टीही बरोबर. केंद्रावर किती म्हातारी माणसं यावरून वाद घालायची! "बाई, मी पूर्वचा, इथे मध्य का लिहिलंय?" प्रत्येकाला समजावत बसायचे, मागे रांग वाढत जायची, पण समजावल्याशिवाय मला पुढे ढकलवत नसे.

मनसेबद्दल. लोक म्हणतात लाट आली आणि ओसरली. मला ते पटत नाही. 2006 ला पक्ष निघाला, पण 2009 ला इथे जी माणसं उभी होती ती नवखी नव्हती. उत्तमराव ढिकले 1999 ला शिवसेनेचे नाशिकचे खासदार. वसंत गिते शिवसेनेचे महापौर राहिलेले. म्हणजे वर्षानुवर्षांचे कार्यकर्ते, मंडळं, तालमी, ओळखी तिकडे गेल्या. त्याच वर्षीच्या लोकसभेला याचा अंदाज आलाच होता. राष्ट्रवादीचे समीर भुजबळ जिंकले, पण मनसेचे हेमंत गोडसे दुसरे आले, फार मोठ्या फरकाने नव्हे. मग 2012 च्या महापालिकेत 122 पैकी 40 नगरसेवक मनसेचे, महापौर त्यांचा. आणि 2014 ला? गोडसे शिवसेनेकडून खासदार. विधानसभेला युती तुटली, आघाडी तुटली, चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले, तिन्ही जागा भाजपच्या. 2017 ला महापालिकेत भाजप 66 आणि मनसे 5. ढिकल्यांच्या घरात वडील शिवसेनेचे खासदार, मनसेचे आमदार, मुलगा भाजपचा आमदार. गिते मनसेतून भाजपमध्ये गेले, 2021 ला शिवसेनेत परतले. तक्त्यात नुसती पक्षाची नावं लिहिलीस तर वाटेल की लोकांनी दर पाच वर्षांनी सगळं उलथवलं. माणसांची नावं शेजारी लिही, मग दिसेल की बऱ्याच ठिकाणी मतदार आणि माणूस तिथेच होते, झेंडा बदलला होता.

तुझे काका आणि बाबा बोलत नव्हते असं तू लिहिलंस. त्या वर्षी अशी घरं फार होती.

आणि एक सांगायचं आहे, ते कुठल्याच निकालात सापडणार नाही. 1995 ची विधानसभा. तेव्हा मतपत्रिका, गुलाबी कागद, शिक्का आणि लोखंडी मतपेटी. माझी ड्युटी जुन्या नाशकातल्या एका शाळेत. दुपारी तीनच्या सुमाराला एक आजी आल्या, नऊवारी, हातात चिठ्ठी. यादीत बघितलं तर त्यांच्या नावापुढे खूण झालेली. कोणीतरी त्यांच्या नावावर आधीच मत देऊन गेलं होतं. सकाळच्या गर्दीत आमच्यापैकी कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. ती चूक आमच्या टेबलाची. आजी भांडल्या नाहीत. नियमाप्रमाणे त्यांना प्रदत्त मतपत्रिका दिली. त्यांनी नीट शिक्का मारला, घडी घातली आणि पेटीकडे निघाल्या. मला त्यांना थांबवावं लागलं. प्रदत्त मत पेटीत टाकत नाहीत, वेगळ्या पाकिटात ठेवतात आणि नेहमीच्या मोजणीत ते मोजत नाहीत. आजींनी विचारलं, "पण माझं धराल ना गं?" मी हो म्हणाले. ते खोटं होतं आणि ते मला अजून सलतं. त्या दिवसानंतर मी एकाही मतदाराचं तोंड बघितल्याशिवाय खूण केली नाही आणि माझ्या हाताखालच्या कोणाला करू दिली नाही.

म्हणून तुझ्या आजोबांच्या "केलं" या एका शब्दाची किंमत मला कळते. केलं, म्हणजे पेटीत पडलं.

सिडको_तिसरी_स्कीम

बाईंना नमस्कार. पश्चिमकडून थोडी भर.

आमच्याकडे सिडको-सातपूरला कारखान्यातली माणसं. जळगाव, धुळे, मालेगाव, बागलाणकडून आलेली. माझे वडील 1983 ला अंबडला कामाला लागले. पंधरा वर्षं मत गावाला जाऊन देत होते, कारण नाव तिकडच्याच यादीत. नाशिकला नाव आलं तेव्हा शहराचा नकाशा जुनाच होता. 2009 ला पहिल्यांदा असं झालं की आमदाराच्या मतदारसंघाच्या पाटीवर आमचा भाग मधोमध होता, कडेला चिकटवलेला नव्हता. वडील त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते. कोण निवडून आलं यापेक्षा त्यांना त्याचं अप्रूप जास्त होतं.

तक्त्यात देवळालीही घे असं सुचवेन. पुनर्रचनेआधीपासून ते नाव टिकलेलं आहे, अनुसूचित जातीसाठी राखीव. तिथे शिवसेनेचे बबनराव घोलप 1990 पासून सलग पाच वेळा, 2014 ला त्यांचा मुलगा योगेश, मग 2019 आणि 2024 ला राष्ट्रवादीच्या सरोज अहिरे. शेजारी ठेवून बघितलं की शहरात काय वेगळं घडलं ते उठून दिसतं.

डिंगरअळीचा_नातू

बाई, तुमचं लिहिलेलं मी आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. प्रदत्त मताच्या ठिकाणी ती रडली. म्हणाली, "ते मला दरवेळी सकाळी सातला न्यायचे. म्हणायचे, आपलं मत दुसऱ्याच्या आधी पडलं पाहिजे." आम्हाला वाटायचं त्यांना रांगेचा कंटाळा.

चिठ्ठ्या पुन्हा बघितल्या. एक अगदी जुनी, लोकसभेची दिसते, पण तिच्या मागे "केलं" नाही. तिथे लिहिलंय "मतदान झालं नाही". साल पुसट आहे, 63 वाटतं. आजोबा तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचे. ते मत चुकवणारे नव्हते. आजारी होते की काय, आजीला आठवत नाही, तिचं लग्न नंतरचं.

आणि तक्त्याची सुरुवात मी आता कुठून करू?

निवृत्त_बाई_टिळकवाडी

63 असेल तर आजोबा आजारी नव्हते रे. त्या वर्षी नाशिकला मतदान झालंच नाही.

चीनच्या युद्धात पंडित नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. त्यांना लोकसभेत जायला जागा हवी होती. नाशिकचे खासदार गो. ह. देशपांडे यांची जागा रिकामी झाली होती, तिथली पोटनिवडणूक लागली आणि यशवंतराव बिनविरोध निवडून आले. समोर कोणीच नाही म्हणून मतदान नाही. माझे वडील सांगायचे, नाशिकने संरक्षणमंत्र्यांना एकमताने पाठवलं, आणि सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. चिठ्ठी आजोबांकडे कशी आली ते मी सांगू शकणार नाही. कोणी उत्साही कार्यकर्त्याने आधीच लिहून वाटली असेल. पण त्यांनी ती ठेवली आणि मागे खरं तेच लिहिलं. तिच्या शेजारी निकालाच्या रकान्यात 'बिनविरोध' लिही.

त्याच्याही आधी, 1957 ला, याच नाशिक लोकसभेतून दादासाहेब गायकवाड निवडून आले होते. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन पक्षाचे, खुल्या जागेवरून. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात 1930 ला जे पुढे होते ते दादासाहेब. ज्या शहरात देवळाचं दार उघडलं नाही त्या शहराने सत्तावीस वर्षांनी त्यांना दिल्लीला पाठवलं. संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं हे खरं, तरी मला ही गोष्ट नाशिकच्या सगळ्या निकालांत मोठी वाटते. मतदानाचं वय तेव्हा 21 होतं, अठरा झालं ते 1989 ला. म्हणजे 57 ला आजोबांना मत नव्हतं. तरी ती ओळ वर लिही, चिठ्ठीची जागा रिकामी ठेवून.

सुरुवात मतदारसंघाच्या नावाने करू नकोस, केंद्राने कर. चिठ्ठीवर यादी भाग क्रमांक आणि केंद्राचं नाव बघ. मतदारसंघाचं नाव बदललं असेल, शाळा बहुतेक तीच असेल. डाव्या बाजूला केंद्र, मग मतदारसंघ, मग चिठ्ठी, मग निकाल. मतपत्रिका होत्या तेव्हा पुष्कळदा अनेक केंद्रांच्या मिसळून मोजत, त्यामुळे जुन्या वर्षांचा केंद्रवार आकडा शोधत बसू नकोस. यंत्रं आल्यापासून प्रत्येक केंद्राचे आकडे नमुना 20 मध्ये, म्हणजे निकालाच्या अधिकृत तक्त्यात असतात, 2009 पासूनचे तुला मिळतील. त्यात तुमच्या केंद्राच्या ओळीवर बोट ठेवलंस की त्यातलं एक मत आजोबांचं.

चिठ्ठ्यांना सेलोटेप लावू नकोस, कागद पिवळा पडून तुटतो. खळ किंवा फोटोचे कोपरे वापर. मागची बाजू वाचता येईल अशी लाव.

आणि जमलं तर आजीला विचार, सात वाजता जाताना ते दोघं कोणत्या गल्लीतून जायचे. तेही लिहून ठेव.

डिंगरअळीचा_नातू

विचारलं. तिवंधा चौकातून. येताना दहीपुलावर जिलबी घ्यायचे.